दंड राजाचा, भरायचा जमीनदाराने

प्रश्न : नॉर्वे म्हटलं की समता, साधी राहणी, लोकांत मिसळणारे मंत्री असंच वाचायला मिळतं. तिथे कधी बडे जमीनदार होते का? असतील तर लोकशाही आल्यावर त्यांनी काय केलं? आणि त्यांच्या जमिनी गेल्या कुठे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होते, पण मोजके. आपल्याला युरोपातला जमीनदार म्हटला की मैलोगणती गव्हाची शेतं आणि त्यांत राबणारी कुळं आठवतात. नॉर्वेत तसल्या शेतीला सपाट जमीनच कुठे आहे? तिथल्या बड्या घराण्यांची खरी दौलत होती जंगलात. इमारती लाकूड परदेशी जायचं आणि उरलेल्या लाकडाचा कोळसा लोखंडाच्या भट्टीत. हा कोळसा भट्टीला पुरवण्याचं बंधन आसपासच्या शेतकऱ्यांवर असायचं. म्हणजे शेत त्यांचं, पण मर्जी भट्टीवाल्याची.

अशाच एका भट्टीच्या मालकाची गोष्ट सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. सेव्हेरिन लोवेनशोल्ड, जन्म 1777. दक्षिण नॉर्वेत शीएन गावाजवळ येर्पेन नावाचा भाग आहे, तिथला फोसुमचा लोखंड कारखाना आणि जंगल या घराण्याचं. सेव्हेरिनच्या पूर्वजांना डेन्मार्कच्या राजाने सरदारकी दिलेली. बायको केली तीही एका काउंटची मुलगी.

1814 साली डेन्मार्कने आपल्या ताब्यातला नॉर्वे स्वीडनला देऊन टाकला. नॉर्वेच्या लोकांना हे मान्य नव्हतं. आइड्सव्होल इथे 112 जण जमले आणि 17 मे रोजी त्यांनी स्वतःची राज्यघटना केली. त्या 112 जणांत लोवेनशोल्ड होता, पण त्याचं मन तिथे नव्हतं. स्वीडनशी जुळवून घ्यावं म्हणणाऱ्या अल्पमतातला तो. घटना तर अशी झाली की बड्या घराण्यांच्या पोटात गोळा यावा. यापुढे नव्या जहागिऱ्या निर्माण करायच्या नाहीत, असं एक कलमच घातलं. मतदानाचा हक्क पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना. त्यात सरकारी अधिकारी आले, शहरातले मालमत्तावाले आले आणि ज्याच्या नावावर शेत आहे तो शेतकरीही आला. त्या काळच्या युरोपात हे फारच सैल होतं.

पुढे स्वीडनबरोबर एकत्र राहायची वेळ आली ती आलीच. राजा एक, पण नॉर्वेची घटना आणि संसद वेगळी. या संसदेला स्टॉर्टिंग म्हणतात. तिने सरदारकी रद्द करण्याचा कायदा केला, राजाने नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. घटनेत मेख होती : लागोपाठ तीन स्टॉर्टिंगनी एकच ठराव केला तर राजाच्या सहीवाचून तो कायदा होतो. 1821 मध्ये तसंच झालं. हयात सरदारांच्या पदव्या त्यांच्यापुरत्या राहिल्या.

आता खरी गंमत. राजा बसायचा स्टॉकहोममध्ये, म्हणून नॉर्वेचा एक पंतप्रधान तिथे त्याच्याजवळ ठेवलेला असे. 1828 पासून त्या जागेवर लोवेनशोल्ड. राजा कार्ल योहान हा मूळचा नेपोलियनचा फ्रेंच सेनापती, संसदेची किरकिर ऐकून घेण्याची त्याला सवय नव्हती. 1836 च्या उन्हाळ्यात त्याने स्टॉर्टिंगचं अधिवेशन तडकाफडकी गुंडाळलं. कायद्याने पाहिलं तर त्याला थोडा आधारही होता, कारण तीन महिन्यांपुढे बैठक चालवायला राजाची परवानगी लागे. पण प्रतिनिधी खवळले. राजावर खटला भरता येत नव्हता, घटनेनेच त्याला दोषापलीकडे ठेवलं होतं. मग त्यांनी बोट ठेवलं दुसऱ्या कलमावर. मंत्र्याला राजाचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याने निर्भीडपणे तसं सांगायचं आणि आपला विरोध बैठकीच्या नोंदवहीत लिहून ठेवायचा; ज्याने लिहिला नाही तो राजाशी सहमत धरला जाईल. लोवेनशोल्डच्या नावापुढे तसा विरोध नव्हता. महाभियोग चालला, दोषी ठरला, दंड एक हजार स्पेसीडालर, म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं.

श्रीमंत माणसाला हजाराचं काय, असं कोणी म्हणेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा ठरलं की राजाच्या हुकुमाचा जाब मंत्र्याने द्यायचा, आणि तोही संसदेपुढे. जो माणूस जन्मभर राजाची बाजू धरून राहिला त्याच्याच डोक्यावर हा पायंडा पडावा! मला तो खलनायक मात्र वाटत नाही. त्याने आपली मतं कधी लपवली नाहीत. आणि राजाही त्याला विसरला नाही : 1841 मध्ये त्याला नॉर्वेचा स्टॅटहोल्डर, म्हणजे राजाचा मुख्य प्रतिनिधी, केलं. 1856 पर्यंत तो त्या पदावर होता, त्याच वर्षी वारला. नंतर ते पद कोणाला दिलंच नाही. 1873 मध्ये कायद्यानेही संपवलं.

त्याचा नातू कार्ल ओटो लोवेनशोल्ड, नौदलातला. 1883-84 मध्ये स्टॉर्टिंगने महाभियोगाचं तेच शस्त्र काढलं आणि पंतप्रधान सेल्मरच्या अख्ख्या मंत्रिमंडळावर चालवलं. तेव्हाच्या राजाने मग घाईने उजव्या विचारांच्या लोकांचं नवं सरकार बनवलं, त्यात आजोबांची स्टॉकहोमची खुर्ची नातवाला मिळाली. 1884 च्या एप्रिलमध्ये बसला, जूनमध्ये उठला. राजाला विरोधी पक्षाच्या स्वेरड्रुपला बोलवावं लागलं. बहुमताचं सरकार ही रीत तिथून पडली. हरलेल्या बाजूने त्याच ऑगस्टमध्ये होयरे नावाचा पक्ष काढला. होयरे म्हणजे उजवा. तो पक्ष आजही आहे आणि निवडणुका जिंकून सत्तेवर येतो.

राहिला जमिनीचा प्रश्न. त्या जप्त झाल्या नाहीत. ओस्लोच्या उत्तरेला नॉर्डमार्का हे अवाढव्य जंगल आहे. ते पेडर आंकर या लाकडाच्या व्यापाऱ्याचं होतं, आणि तोच स्टॉकहोममधला नॉर्वेचा पहिला पंतप्रधान. त्याची मुलगी वेडेल यार्ल्सबर्ग घराण्यात दिली, त्या घराण्यातली नात कार्ल ओटोला, आणि जंगल मुलींच्या वाटेने लोवेनशोल्डांकडे आलं. त्याचा मोठा भाग आजही त्यांच्याच कंपनीच्या मालकीचा आहे. तरी रविवारी निम्मं ओस्लो तिथे स्कीइंगला जातं आणि कोणी अडवत नाही, कारण मोकळ्या रानातून कोणालाही पायी किंवा स्कीवर फिरता येतं हा जुना रिवाज 1957 मध्ये कायद्यात आला. सातबारा लोवेनशोल्डांचा, वाट सगळ्यांची. झाडं तोडून विकण्याचा हक्क मात्र मालकाकडेच आहे, आणि किती तोडावी यावरून ओस्लोकरांची कंपनीशी जुंपतेही.