इंजिन दुसरं असेना का!

अगं, मूळचं इंजिन नाही एवढ्यासाठी ती कॅमारो सोडू नकोस. सोडायचीच तर गंजासाठी सोड, कागदांत घोळ असेल तर सोड, नाहीतर तो माणूस अव्वाच्या सव्वा मागतोय म्हणून सोड. १९६९ची गाडी आहे ती. एवढ्या वर्षांत तिचं काहीच बदललं नाही असं कुणी सांगितलं असतं, तर मला जास्त संशय आला असता.

इंजिन बदललं म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे आधी डोक्यातून काढ. या गाड्या घेतल्या कुणी? हातात नवा पगार आलेल्या तरण्या पोरांनी. सिग्नलला शर्यत लावायची, इंजिन फोडायचं आणि पुढच्या सुट्टीत दुसरं बसवायचं. काही इंजिनं वॉरंटीतच गेली आणि कंपनीनेच बदलून दिली. १९७३ला पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा काहींनी मोठं इंजिन उतरवून लहान चढवलं. तेव्हा ती नुसती जुनी गाडी होती, तिला जपायचं कुणाच्या मनातही नव्हतं. इथे मिशिगनला ऑगस्टात वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते ना, तेव्हा ये एकदा. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे असलेले कितीतरी मालक दुसरं इंजिन अगदी अभिमानाने दाखवताना भेटतील.

आता नुकसान नेमकं कुणाचं होतं ते समजून घे. झीएल-१ नावाच्या अॅल्युमिनियम इंजिनाच्या कॅमारो फक्त ६९ बनल्या. तसल्या गाडीचं इंजिन गेलं तर किमतीचा मोठा भाग त्याच्याबरोबर गेला. झी/२८ मध्ये ३०२ घन इंचांचं खास इंजिन असे, तिथेही असंच. पण त्या वर्षी कॅमारो दोन लाखांवर निघाल्या, आणि तू बघतेयस ती त्यांतली साधी व्ही-८ कूप. तिच्याबाबतीत मूळ इंजिन नसणं म्हणजे किमतीतली सूट, एवढंच. ती सूट मात्र खरोखर पदरात पडली पाहिजे.

विकणारा सांगतो त्यावर जाऊ नकोस, स्वतः बघ. ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून डॅशबोर्डवर १३ अक्षर-आकड्यांचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, दिसेल. सुरुवातीला १२४ असेल तर गाडी कारखान्यातून व्ही-८ निघाली, १२३ असेल तर सहा सिलिंडरची. मधलं एल म्हणजे व्हॅन नाइज, तुमच्या लॉस एंजेलिसचाच कारखाना. एन असेल तर ओहायोतलं नॉरवुड. पण कुठलं व्ही-८ हे त्या वर्षीचा व्हिन सांगत नाही. त्यामुळे ‘व्हिनवरून कळतं, ही खरी झी/२८ आहे’ असं कुणी म्हणालं, की तिथून सरळ निघ. सिद्ध करायचंच असेल तर गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची धातूची पट्टी, जिला प्रोटेक्ट-ओ-प्लेट म्हणतात, ती दाखव म्हणावं. तिच्यावर इंजिनाचा कोड उठवलेला असतो.

मग बॉनेट उघड. पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाशी, अल्टरनेटरच्या मागे ब्लॉकवर बोटभर सपाट जागा आहे. तिथे इंजिनाचा कोड असतो आणि गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. काही ब्लॉकवर तो तेलाच्या फिल्टरपाशी सापडतो. तेलकट घाण चिंधीने पूस, पण सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नकोस. टॉर्च तिरपा धर. कारखान्यातल्या कापाच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. जागा गुळगुळीत आणि आकडे मात्र ताजे, ठळक असतील, तर समज कुणीतरी घासून नवे ठोकलेत. दुसरं इंजिन बसवणं चालतं गं, पण ते पहिलंच आहे असं भासवणं ही सरळ फसवणूक. आणि ब्लॉकवर ओतलेल्या तारखेतही एक गंमत आहे. वर्षाचा एकच आकडा असतो. ९ म्हणजे १९६९ही आणि १९७९ही! ३५० घन इंचांचा एक ब्लॉक तर एकाच नंबराने सत्तरचं दशकभर ओतला जात होता. तेव्हा नुसता ९ बघून हुरळू नकोस.

आता तू विचारतेस, आहे ते ३५० ठेवू की आधुनिक एलएस टाकू. मी असते तर ३५० बांधून घेतलं असतं. शेव्हीचं स्मॉल ब्लॉक १९५५चं, आणि त्यातलं ३५० पहिल्यांदा आलं ते १९६७च्या कॅमारोतच. म्हणजे ते मूळचं नसलं तरी परकंही नाही. सुटे भाग सहज मिळतात आणि कुठलाही जुना मेकॅनिक ते ओळखतो. कुणी ‘हे ३५५ आहे’ म्हणालं तर घाबरू नकोस, बोअर मारून सिलिंडर किंचित मोठे केले असा त्याचा अर्थ. बांधायला देशील तेव्हा दोन गोष्टी बजाव. जुन्या हेडला शिशाच्या पेट्रोलची सवय होती, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवायच्या. आणि जुन्या धाटणीचा कॅम असेल तर झिंक जास्त असलेलंच तेल घालायचं, नाहीतर नवाकोरा कॅम झिजेल.

एलएस उत्तम इंजिन आहे. १९९७ला कॉर्व्हेटमध्ये आलं. हलकं, ताकदवान, थंडीत एका किल्लीत सुरू होणारं. पण नवरदेवामागे वऱ्हाड यावं तसं त्याच्यामागे सगळं येतं. जास्त दाबाचा पेट्रोल पंप, कॉम्प्युटर, वायरिंग, वेगळा ऑइल पॅन, माउंटच्या पट्ट्या. ताकद वाढली की चारही चाकांना ड्रम ब्रेक पुरत नाहीत, मग रेडिएटर, मग मागचा अॅक्सल. जावईबापू नुसत्या इंजिनाची किंमत सांगतील. तू सगळी यादी लिहून मग बेरीज कर. तुमच्याकडे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक नाही, तेवढी कटकट वाचली. काहीही टाकलंस तरी पत्रा कापू देऊ नकोस, आणि निघालेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेव.

खरं सांगू? इंजिनापेक्षा मला काळजी पत्र्याची आहे. इंजिन दोन दिवसांत उतरवता येतं. पण मागचे क्वार्टर पॅनल, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा, काचेखालचा काउल, हे कुजलं असेल तर पैसा नुसता झिरपत जातो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे जाड लांबी भरून वर रंग मारलाय. पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट उचल आणि हात लाव. ओल लागली तर पाणी काउलमधून येतंय. पुढची सबफ्रेम बॉडीला जिथे बोल्टने जोडलीय तिथे वाकून बघच, कपडे मळले तरी चालतील.

घेतलीस तर पहिल्या दिवसापासून पावत्या आणि फोटो एका फाइलीत लाव, आणि विमा ठरलेल्या रकमेचा काढ. नाहीतर उद्या काही झालं तर कंपनी जुन्या गाडीचा भाव लावून मोकळी होईल. कधी विकायची वेळ आली तर इंजिन मूळचं नाही हे जाहिरातीतच लिही. शोमध्येही कुणीतरी वाकून विचारणारच, ‘नंबर्स मॅचिंग का?’ आणि विचारेल तेही जावईबापूंकडे बघून. तू ‘नाही’ म्हण आणि किल्ली फिरव.

शनिवारी जाशील तेव्हा टॉर्च, चिंधी आणि लोहचुंबक पर्समध्ये असू दे. भाव तूच कर, तुळशीबागेत आईच्या पदराला धरून वाढलेली आहेस. सगळं बघून झालं की ‘इंजिन मूळचं नाही’ एवढं एकदाच म्हण आणि गप्प बस. पुढचा आकडा त्याला बोलू दे.