बाळाच्या रक्तातील उसनी प्रतिद्रव्ये

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या रक्तात रुबेलाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली, तर त्याला रुबेला झाला होता असे म्हणता येईल काय? तुम्ही चटकन ‘हो’ म्हणाल. पण थोडे थांबा.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर. मुलांना थोडा ताप येतो, पुरळ उठते आणि तीन-चार दिवसांत सारे ओसरते. हाच विषाणू गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मातेला गाठतो, तेव्हा मात्र अनर्थ ओढवतो. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणी रुबेला झाला होता!

ज्या मातेला पूर्वी रुबेला होऊन गेला आहे किंवा त्याची लस मिळाली आहे, तिच्या रक्तात ‘जी’ वर्गाची प्रतिद्रव्ये असतात. वारेतील पेशी ती पकडून गर्भाकडे पोचवितात. ‘एम’ वर्गाच्या अवजड रेणूंना ही वाट मिळत नाही. म्हणून नवजात बाळातील ‘जी’ बहुधा आईकडून आलेली असतात. ‘एम’ सापडली तर ती बाळाने स्वतः तयार केलेली, म्हणजे विषाणू गर्भातच पोचला होता असा संशय बळावतो.

हे उसने भांडवल दर तीन-चार आठवड्यांनी निम्मे होते. चार आठवडे धरून वहीत गणित करून पाहा: नऊ महिन्यांनी साधारण हजारावा हिस्सा उरतो. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यामागे हेही कारण आहे. लसीतील विषाणू जिवंत, पण दुबळा असतो. आईची प्रतिद्रव्ये भरपूर असताना लस टोचली तर ती त्यालाच निकामी करतील आणि बाळाचे शरीर काहीच शिकणार नाही.

आईजवळच प्रतिद्रव्ये नसली तर? मग बाळालाही काही मिळत नाही. विषाणू जिवंत असल्यामुळे ही लस गरोदरपणी देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. मात्र त्यानंतर महिनाभर दिवस राहू नयेत, अशी काळजी घ्यावयास सांगतात. या लसीचा उपयोग मांडीवरच्या बाळापेक्षा त्याच्या पाठच्या भावंडाला अधिक होतो.