अनोळखी विक्रेता, ऑनलाइन लिलाव आणि आपले पैसे

व्यापारात एक जुनी अडचण आहे. घेणारा म्हणतो, आधी माल दाखवा. देणारा म्हणतो, आधी पैसे ठेवा. बाजारात दोघे समोरासमोर बसलेले असतात, म्हणून चहा संपेपर्यंत ही अडचण मिटते. पण विक्रेता हजार मैलांवर असेल, त्याचे तोंडही आपण पाहिले नसेल आणि बोली मात्र आपल्या नावावर सुटली असेल, तर पहिले पाऊल कोणी टाकायचे? ऑनलाइन लिलावात बहुतेक वेळा पहिले पाऊल घेणाऱ्यालाच टाकावे लागते. म्हणून धोकाही त्याचाच जास्त. आजच्या लेखात पैसे कसे द्यावेत आणि कसे देऊ नयेत, याचा विचार करू.

थोडा इतिहास पाहू. पियर ओमिद्यार यांनी १९९५ साली अमेरिकेत लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ई-बे या नावाने जगभर गाजले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, त्याला १४.८३ डॉलर आले. सुरुवातीच्या काळात घेणारा पोस्टाची मनिऑर्डर किंवा चेक पाठवी आणि मालाची वाट पाहत बसे. १९९६ साली घेणाऱ्या-देणाऱ्यांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय झाली. बाजारातली पत कागदावर आणण्याचा तो प्रयत्न होता. पुढे २००२ मध्ये ई-बेने पेपाल ही पैसे पोचवणारी कंपनीच विकत घेतली. या दोन कंपन्या २०१५ मध्ये वेगळ्या झाल्या.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम ही लिलावाची कंपनी होती. ती २००४ मध्ये ई-बेने घेतली. तिच्या 'पैसापे' या सोयीत घेणाऱ्याचे पैसे थेट विक्रेत्याकडे न जाता मध्ये थांबत. चीनमध्ये अलीपे हीच पद्धत घेऊन वाढली. ई-बेचे भारतातले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. तरीही परदेशातल्या लिलावात येथून बोली लावता येते, आणि देशात जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री जाहिरातींवरून जोरात चालते. त्यामुळे हा प्रश्न संपलेला नाही.

मध्यस्थाकडे पैसे ठेवण्याच्या या पद्धतीला 'एस्क्रो' म्हणतात. शब्द परका असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. दोघांच्या विश्वासातल्या तिसऱ्याकडे रक्कम अमानत ठेवायची; माल ठरल्याप्रमाणे मिळाला की त्याने ती देणाऱ्याच्या हवाली करायची. मात्र मध्यस्थ कोण, हे आपण ठरवावे. विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावरचा 'एस्क्रो' पुष्कळदा त्याचाच बनावट धंदा असतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, महाडमधल्या एका शिलाईवाल्याला जुने ओव्हरलॉक मशीन हवे आहे. ईदच्या आधी कामाची गर्दी आहे, हाताशी २२,००० रुपये आहेत, तेही दोघा नातेवाइकांकडून घेतलेले. त्याने बोली लावली, पण दुसऱ्याची बोली वर गेली. दोन दिवसांनी संदेश येतो : "जिंकणाऱ्याने माघार घेतली. मशीन तुमच्या बोलीत देतो. पण लिलावाची कंपनी कमिशन कापते, म्हणून पैसे थेट माझ्या खात्यावर टाका. आजच टाका, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे."

या संदेशात धोक्याच्या तीन खुणा आहेत : व्यवहार लिलावाच्या बाहेर नेणे, थेट खात्यावर पैसे मागणे आणि घाई करणे. हरलेल्या बोलीदाराला दुसरी संधी देण्याची सोय ई-बेवर खरोखरच आहे. पण ती खरी असेल तर आपल्या तेथील खात्यातच दिसते आणि पैसेही तेथूनच भरता येतात. बाहेरून आलेल्या संदेशावर २२,००० रुपये पाठवले, तर मशीनही नाही आणि कर्ज मात्र डोक्यावर, अशी गत होते.

पैसे देण्याच्या पद्धती कमी धोक्यापासून जास्त धोक्यापर्यंत अशा लावता येतील :

१) समोरासमोर रोख. विक्रेता जवळपासचा असेल तर दोघांनी जावे, मशीन चालवून पाहावे, पावती घ्यावी आणि मगच पैसे द्यावेत.

२) लिलावाच्या संकेतस्थळातूनच भरणा. ई-बेच्या हमीनुसार माल आला नाही किंवा वर्णनाप्रमाणे नसला, तर माल पोचल्यापासून किंवा पोचण्याच्या शेवटच्या अंदाजित तारखेपासून ३० दिवसांत तक्रार करता येते. मोटारगाड्या आणि जमीनजुमला या हमीत येत नाहीत.

३) क्रेडिट कार्ड. माल न मिळाल्यास बँकेकडे वाद नोंदवून रक्कम परत मागता येते. परदेशी वापराची सोय खरेदीपुरती चालू करावी आणि नंतर बंद करावी.

४) पेपाल. परदेशी खरेदीला उपयोगी; वाद नोंदवण्यास १८० दिवसांची मुदत असते. पण विक्रेता 'मित्र व कुटुंब' या प्रकारात पैसे पाठवा म्हणाला, तर साफ नकार द्यावा. त्या प्रकारात खरेदीदाराला संरक्षण नाही.

५) बँकेतून थेट खात्यावर किंवा यूपीआयने. ओळखीच्या माणसासाठी ही उत्तम सोय. अनोळखी माणसाला मात्र पैसे क्षणात जातात आणि त्याच्या मर्जीशिवाय सहजी परत येत नाहीत.

६) वेस्टर्न युनियनसारखी रोख रक्कम पाठवणारी सेवा आणि गिफ्ट कार्डचे क्रमांक. अनोळखी विक्रेत्यासाठी या दोन्ही पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात.

विकणाऱ्या बांधवांनीही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. कोणी म्हणाले, "हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील," तर तो पैसे काढतो आहे. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, असे सांगून आणि ओळखपत्राचा फोटो पाठवून विश्वास संपादन करण्याचा प्रकार आपल्याकडे फार झाला आहे. फोटो म्हणजे ओळख नव्हे.

एवढे करूनही फसगत झाली तर लाजेखातर गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. रक्कम भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी कळवले, तर ती रोखून धरता येण्याची शक्यता असते. रात्र उलटली की ती शक्यता कमी होत जाते. व्यवहाराचा क्रमांक, संदेश, जाहिरात आणि फोन नंबर जपून ठेवावेत. काहीही पुसू नये.

आमच्या शिलाईवाल्याने काय करावे? "पैसे लिलावाच्या मार्गानेच देईन, नाहीतर माझा माणूस येऊन मशीन पाहील," एवढेच उत्तर त्याने पाठवावे. विक्रेता खरा असेल तर बहुधा थांबेल. खोटा असेल तर त्याचा पुन्हा संदेश येणार नाही, आणि २२,००० रुपये खिशात राहतील. मशीन दुसरे मिळेल. नातेवाइकांचे पैसे बुडाले, तर पुढच्या वेळी मागायला जाण्याची सोय उरत नाही.