अपघातानंतर रस्त्याचे वर्णन

इटलीत मोटार-अपघातानंतर पोलीस येईपर्यंत ओला रस्ता कधी कधी वाळूनही जातो. अशा वेळी जबाब देणाऱ्याच्या शब्दांना विशेष महत्त्व येते. म्हणून क्रियापदाचा काळ अचूक निवडावयास हवा. रस्त्याची त्या क्षणीची स्थिती सांगताना इटालियन भाषेत अपूर्ण भूतकाळ योजतात : ‘ला स्त्रादा एरा बान्याता’ (रस्ता ओला होता), ‘एरा शिवोलोसा’ (निसरडा होता), ‘चेरा नेब्ब्या’ (धुके होते). एकदाच घडून संपलेल्या कृतीसाठी मात्र संयुक्त भूतकाळ येतो : ‘ओ फ्रेनातो’ (मी ब्रेक लावला). घाबरलेला परदेशी प्रवासी ‘एरा’ऐवजी ‘ए’, म्हणजे ‘आहे’, म्हणून गेला, तर समोरचा कोरडा रस्ताच त्याला खोटे पाडतो.