कुत्र्याचीं नखें कशीं कापावीं?

आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी घरीं कुत्रा पाळतात. त्यास न्हाऊं घालणें, वेळेवर अन्न देणें, फिरावयास नेणें, हीं कामें ते हौसेनें करितात. परंतु त्याच्या नखांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हणून त्याविषयीं कांहीं उपयुक्त माहिती येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

मांजर आपलीं नखें आंत ओढून घेऊं शकतें. कुत्र्यास तसें करितां येत नाहीं. खडकाळ वाटेनें हिंडणाऱ्या कुत्र्याचीं नखें आपोआप झिजतात. गुळगुळीत फरशीवर वावरणाऱ्याचीं तितकीं झिजत नाहींत. पुढील पायांस आंतील बाजूनें, किंचित् वर, जें पांचवें नख असतें, तें तर जमिनीस लागतच नाहीं. तें वाढून वळतें व कधीं कधीं मांसांत रुततें. कुत्रा स्वस्थ उभा असतां नखें भुईस टेकूं लागलीं, किंवा चालतांना फरशीवर टकटक वाजूं लागलीं, म्हणजे तीं कापण्याची वेळ झाली असें समजावें. वाढलेलें नख प्रत्येक पावलास बोटावर दाब आणतें. त्यानें पायाची ठेवण बिघडते, आणि मुका प्राणी तें दुःख निमूटपणें सोशीत राहतो.

नखाचें बाहेरील कवच निर्जीव असतें. परंतु त्याच्या गाभ्यांत रक्तवाहिन्या व ज्ञानतंतु असतात. या भागास जिव्हाळी म्हणतात. ती दुखावली असतां रक्त येतें व तीव्र वेदना होते. पांढऱ्या नखांत ती गुलाबी दिसते. काळ्या नखांत बाहेरून दिसत नाहीं. यास्तव काळें नख एका वेळीं सुमारें १ मिलिमीटरच कापावें व कापलेल्या जागेकडे पाहावें. मध्यभागीं काळसर, ओलसर ठिपका दिसूं लागतांच थांबावें. फार वाढलेल्या नखांत जिव्हाळीहि पुढें आलेली असते. तें एकदम आखूड करूं नये. दर आठवड्यास केवळ टोंक कापीत गेल्यास ती हळूहळू मागें सरते.

आरंभीं कांहीं दिवस नुसता पाय हातीं घ्यावा, बोटें हलकेंच दाबावीं व आवडता खाऊ द्यावा. पुढें भरपूर उजेडांत, कुत्र्यांकरितां मिळणाऱ्या धारदार कातरीनें कापण्यास प्रारंभ करावा. बोथट कातरीनें नख चेंगरतें. रक्त आलेंच, तर तुरटीची पूड किंवा कोरडें पीठ लावून पांच मिनिटें दाबून धरावें; तरीहि रक्त न थांबल्यास पशुवैद्यास दाखवावें.

एकदां दुखविलेला कुत्रा तो प्रसंग सहसा विसरत नाहीं. पुढें पाय हातीं घेतांच तो ओढून घेतो. म्हणून त्यास बळेंच दाबून धरूं नये. एके दिवशीं दोनच नखें झालीं तरी पुरे. उरलेलीं दुसऱ्या दिवशीं कापावीं.