रंगांची सोडत

जर्मनी देशात ऱ्हाईन नदीच्या काठी कोलोन हे प्राचीन नगर वसले आहे. तेथील भव्य ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे बांधकाम इ. स. १२४८ मध्ये सुरू झाले, ते पूर्ण होण्यास १८८० साल उजाडले.

दुसऱ्या महायुद्धात या मंदिराच्या दक्षिण बाजूच्या उत्तुंग खिडकीची चित्रमय काच नष्ट झाली. पुढे तेथे साधी काच बसविण्यात आली. परंतु तीतून प्रखर ऊन थेट आत येई आणि मंदिरातील सौम्य प्रकाशाचा भंग होई.

अखेर नव्या खिडकीचे काम गेरहार्ड रिख्टर या विख्यात चित्रकारावर सोपविण्यात आले. विसाव्या शतकातील हुतात्म्यांची चित्रे त्यांनी काढावीत, अशी प्रथम अपेक्षा होती. त्यांनी प्रयत्न केला; पण मनासारखे साधेना. पुढे १९७४ साली रंगविलेल्या आपल्याच एका चित्राच्या प्रतिकृतीवर त्यांनी खिडकीचा आकार कापलेला कागद ठेवून पाहिला. त्या चित्रात रंगीत चौकोनांवाचून दुसरे काहीच नव्हते. ते चौकोन खिडकीच्या आकारात दिसताच त्यांना वाट सापडली.

मंदिराच्या जुन्या काचांशी जुळणारे ७२ रंग त्यांनी निवडले. सुमारे साडेनऊ सेंटिमीटर बाजूच्या अकरा हजारांहून अधिक चौकोनी काचा लागणार होत्या. कोणत्या काचेशेजारी कोणती बसवावी, हे मात्र त्यांनी संगणकावर सोपविले. डोळे मिटून मडक्यातून चिठ्ठ्या काढाव्यात, तशी संगणकाने रंगांची सोडत काढली. अर्धी खिडकी अशी सजली. उरलेली अर्धी तिच्या प्रतिबिंबासारखी योजिली गेली. कोठे एखाद्या आकृतीचा भास झालाच, तर रिख्टर तेथील रंग स्वतः बदलीत.

२००७ साली ही खिडकी सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा मतभेद झाले. मंदिराच्या खिडकीत धर्मकथा नसावी, हे काहींना पटेना. तेथील मुख्य धर्मगुरूंनाही ती रुचली नाही. परंतु ऊन चढले, की त्या काचांतून झिरपणारे रंग दगडी खांबांवर आणि फरशीवर उतरतात, आणि येणाराजाणारा क्षणभर थबकतो.

मग ही खिडकी कोणाची, चित्रकाराची की यदृच्छेची? रंग, माप आणि मर्यादा माणसाने ठरविल्या. क्रम तेवढा यदृच्छेने दिला. यदृच्छेला दार उघडावे. पण चौकट आपण घालावी, आणि अखेरची पारख करणारा डोळाही आपलाच असावा.

शब्दार्थ : यदृच्छा – योजनेवाचून आपोआप घडणारी गोष्ट. उत्तुंग – फार उंच.

स्वाध्याय
१. रिख्टर यांनी कोणत्या गोष्टी स्वतः ठरविल्या व कोणती सोडतीवर सोपविली?
२. खिडकीविषयी मतभेद का झाले? तुम्हांस कोणते मत पटते? सकारण लिहा.