ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा घ्यावा?

ट्रॅक्टर खरेदी हा शेतकऱ्याच्या आयुष्यातील विहिरीइतकाच मोठा खर्च आहे. बहुतेक वेळा तो कर्ज काढून केला जातो आणि हप्ते पाच-सात वर्षे चालतात. सन २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर होते. एवढ्या क्षेत्रावर चुकीच्या आकाराचा ट्रॅक्टर घेतल्यास पिकाचा नफा हप्त्यात जातो. तरीही शेजाऱ्याने कोणता घेतला किंवा विक्रेत्याने कोणता सुचविला यावरून निवड होताना दिसते. निवड कामावरून आणि कामाच्या तासांवरून झाली पाहिजे. ती कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

बॉनेटवरील आकड्याचा अर्थ

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा माहितीपत्रकात दिलेली अश्वशक्ती ही सर्वसाधारणपणे इंजिनची असते. ती सर्वच्या सर्व अवजारापर्यंत पोहोचत नाही. पी.टी.ओ. शाफ्टवर तिच्यापैकी सुमारे ८५ ते ९० टक्के शक्ती मिळते. अवजार ओढताना मात्र गिअर, टायर आणि मातीत घसरणारी चाके यांत बरीच शक्ती खर्च होते. मोकळ्या जमिनीत अवजार ओढण्यासाठी इंजिनच्या शक्तीपैकी सुमारे निम्मीच हाती लागते, असे धरून चालावे. म्हणून रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, मळणी यंत्र यांसाठी पी.टी.ओ. शक्ती पाहावी आणि नांगर, कल्टिव्हेटर यांसाठी ओढशक्ती पाहावी.

इंजिनचा आकार सी.सी. मध्ये सांगतात. सारख्याच अश्वशक्तीची दोन इंजिने वेगवेगळ्या सी.सी. ची असू शकतात. शेतात महत्त्वाचे असते ते हे, की नांगर कठीण जागी अडला आणि इंजिनचे फेरे कमी झाले, तर इंजिन दम धरते की बंद पडते. फेरे कमी होताना टॉर्क किती टक्के वाढतो, हे परीक्षण अहवालात दिलेले असते. नुसत्या सी.सी. वरून निष्कर्ष काढू नये.

जमीन आणि खोलीनुसार लागणारी शक्ती

नांगराला लागणारी ओढ जमिनीच्या प्रकारावर आणि कापल्या जाणाऱ्या मातीच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. कापल्या जाणाऱ्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला हलक्या जमिनीत साधारण ०.२ ते ०.३५ किलो, मध्यम जमिनीत ०.३५ ते ०.५ किलो आणि भारी काळ्या जमिनीत ०.५ ते ०.८ किलो ओढ लागते. एकूण ओढ किलोमध्ये काढून तिला ताशी वेगाने, म्हणजे किलोमीटरने गुणावे आणि २७० ने भागावे. येणारा आकडा ही लागणारी ओढशक्ती होय.

उदाहरणार्थ, ३० सें.मी. रुंदीचे दोन फाळ असलेला पल्टी नांगर भारी जमिनीत २० सें.मी. खोल चालवायचा आहे. कापले जाणारे क्षेत्र ६० गुणिले २०, म्हणजे १,२०० चौ. सें.मी. होते. चौ. सें.मी. ला ०.७ किलो धरल्यास ओढ ८४० किलो येते. ताशी ४ कि.मी. वेगाला १२.४ अश्वशक्तीची ओढशक्ती लागते. म्हणजे इंजिन सुमारे २५ अश्वशक्तीचे हवे. इंजिनवर सतत पूर्ण भार येऊ नये म्हणून एक चतुर्थांश शक्ती राखीव ठेवल्यास गरज ३३ अश्वशक्तीपर्यंत जाते.

आता तोच नांगर ३० सें.मी. खोल घातला, तर ओढ १,२६० किलो होते आणि गरज जवळजवळ ५० अश्वशक्तीवर पोहोचते. केवळ १० सें.मी. खोलीने ट्रॅक्टरचा वर्ग बदलतो. खोल नांगरट प्रत्येक शेतात दरवर्षी करावी लागते असे नाही. म्हणून खोलीचा निर्णय पिकाच्या गरजेनुसार आधी करावा आणि ट्रॅक्टरचा नंतर.

वजनाचाही विचार करावा

शक्ती असूनही वजन कमी असेल तर चाके जागेवर फिरतात. सुमारे ९०० किलो वजनाचा लहान ट्रॅक्टर कागदावर २५ अश्वशक्तीचा असला, तरी वर सांगितलेला मोठा दोन फाळी नांगर त्याला भारी जमिनीत झेपत नाही. लहान ट्रॅक्टरला त्याच्या मापाचाच नांगर जोडावा आणि वाफशावर उथळ चालवावा.

याउलट जड ट्रॅक्टर ओल्या काळ्या जमिनीत वारंवार फिरल्यास नांगराच्या तळाखाली कठीण थर तयार होतो. मुळे खोल जात नाहीत आणि पाण्याचा निचरा मंदावतो. द्राक्ष व डाळिंब बागांत तर वर्षभर त्याच त्याच पट्ट्यातून चाके जातात. तेथे हलका आणि अरुंद ट्रॅक्टर जमिनीच्या दृष्टीनेही हिताचा ठरतो.

कामानुसार ढोबळ निवड

१) २० ते २८ अश्वशक्ती : फळबागेतील फवारणी व मशागत, रुंद सरीतील उसाची आंतरमशागत, पेरणी, ४ फुटांपर्यंतचा रोटाव्हेटर, हलकी वाहतूक.

२) ३५ ते ४५ अश्वशक्ती : मध्यम ते भारी जमिनीत साधारण खोलीची नांगरट, ५ फुटी रोटाव्हेटर, नऊ फणी कल्टिव्हेटर, मळणी, एका ट्रॉलीची वाहतूक.

३) ४५ ते ५० व त्यापुढे : भारी जमिनीत खोल नांगरट, ६ फुटी रोटाव्हेटर, उसाची मोठी वाहतूक, नियमित भाड्याची कामे.

५० अश्वशक्तीच्या पुढे जाताना एक बाब लक्षात घ्यावी. १ जानेवारी २०२३ पासून या वर्गातील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत. त्यामुळे इंजिनची रचना बदलली असून किंमतही वाढली आहे. इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणाली असलेल्या इंजिनाची दुरुस्ती गावच्या मेस्त्रीकडे होणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र आहे की नाही, हे आधी पाहावे.

वर्षाचे तास मोजा

समजा, एका शेतकऱ्याकडे भारी जमिनीची १० एकर बागायत आहे. पैकी ३ एकर द्राक्षबाग आणि ७ एकरांत सोयाबीन व हरभरा आहे. ट्रॅक्टरच्या कामाचे तास साधारण असे येतील :

नांगरट, ७ एकर : १५ तास
रोटाव्हेटर व कुळवणी : २५ तास
दोन हंगामांची पेरणी : १५ तास
बागेतील फवारणी, ५० फेऱ्या : ७५ तास
वाहतूक व इतर : ७० तास
एकूण : २०० तास

या २०० तासांपैकी मोठ्या ट्रॅक्टरची खरी गरज फक्त नांगरटीच्या १५ तासांना आहे.

आता खर्च पाहू. हिशोब समजण्यासाठी लहान ट्रॅक्टरची किंमत ५ लाख आणि मोठ्याची ८ लाख रुपये धरू. आयुष्य १० वर्षे, शेवटी मोडीची किंमत १० टक्के, सरासरी गुंतवणुकीवर व्याज १० टक्के आणि विमा, निवारा वगैरेंसाठी किमतीच्या २ टक्के धरल्यास,

लहान ट्रॅक्टर : घसारा ४५,००० + व्याज २७,५०० + इतर १०,००० = ८२,५०० रु.
मोठा ट्रॅक्टर : घसारा ७२,००० + व्याज ४४,००० + इतर १६,००० = १,३२,००० रु.

हा खर्च ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला तरी दरवर्षी होतो. डिझेल, तेल, दुरुस्ती व चालकाचा खर्च वेगळा. दोहोंतील फरक ४९,५०० रुपये आहे. तो १५ तासांच्या, म्हणजे ७ एकरांच्या नांगरटीसाठी सोसायचा आहे. एकरी सुमारे ७,००० रुपये झाले. आपल्या गावातील नांगरटीच्या भाड्याच्या दराशी या रकमेची तुलना करावी. भाडे कमी असेल तर नांगरट भाड्याने करून घ्यावी आणि ट्रॅक्टर उरलेल्या १८५ तासांच्या कामाच्या मापाचा घ्यावा.

भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. परंतु कोरडवाहू व हंगामी पिकांची नांगरट उन्हाळ्यात होते व तिला काही आठवडे सापडतात. चार दिवस मागे-पुढे झाल्याने नुकसान होत नाही. पेरणीचे तसे नाही. वाफसा गेला की पेरणी लांबते आणि उत्पादन घटते. पेरणीला मात्र शक्ती कमी लागते. म्हणून वेळ साधण्यासाठी ट्रॅक्टर घरचा असावा, पण त्यासाठी तो मोठाच असावा असे नाही.

मोठा ट्रॅक्टर केव्हा परवडतो?

क्षेत्र मोठे व जमीन भारी असेल, दरवर्षी उसाच्या लागणीसाठी खोल मशागत करावी लागत असेल, किंवा भाड्याचे काम खात्रीने मिळत असेल, तर मोठा ट्रॅक्टर योग्य ठरतो. वरील हिशोबात मोठा ट्रॅक्टर २०० तास चालला तर त्याचा स्थिर खर्च तासाला ६६० रुपये पडतो. तोच ६०० तास चालला तर २२० रुपये पडतो. मात्र भाड्याच्या कामाचा अंदाज बांधताना गावात किती ट्रॅक्टर आधीच आहेत आणि सर्वांची कामे एकाच पंधरवड्यात येतात काय, हे तपासावे. दोघा-तिघा भावांनी किंवा शेतकरी गटाने मिळून घेतल्यास तास वाढतात. तथापि वापराचा क्रम आणि खर्चाची वाटणी आधी लिहून ठेवावी.

खरेदीपूर्वी हे करावे

१) वर्षाच्या कामांची यादी व तास स्वतः लिहून काढावेत.

२) मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यातील पी.टी.ओ. शक्ती, ओढशक्ती, इंधन खर्च व हायड्रॉलिकची उचल क्षमता पाहावी.

३) आपल्याच शेतात, आपलेच अवजार जोडून प्रात्यक्षिक घ्यावे. बागायतदारांनी ओळींतील अंतर, ट्रॅक्टरची रुंदी आणि वळण्यास लागणारी जागा मोजावी.

४) अवजारांची किंमत ट्रॅक्टरच्या किमतीत मिळवूनच कर्जाचा हिशोब करावा.

५) अनुदानाच्या चालू अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचाराव्यात. केवळ अनुदान मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठा ट्रॅक्टर घेऊ नये.

तासांची यादी करण्यास एक संध्याकाळ पुरते. यादी तयार झाल्यावरच विक्रेत्याकडे जावे आणि तिच्यात बसेल तोच ट्रॅक्टर निवडावा.